खाजणातला उतारा

“चोर पोलिसाला भीत नाही. कुत्र्याला भीत नाही. सीसीटीव्हीला तर हात हलवून दाखवतो! चोर फक्त एका गोष्टीला भितो, आणि ती बनवायची कशी हे या अख्ख्या मानखुर्दात एकाच माणसाला माहीत आहे!”

एवढं बोलून नाना धुरींनी कप इतक्या जोरात बशीत ठेवला, की उरलेला चहा त्यांच्याच लेंग्यावर आला. पण नाना मागे हटणारे नव्हते. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना ‘घाबरू नका, मी आलोय!’ असं ओरडून सांगायची त्यांना सवय. मग लिफ्ट हलो न हलो!

“कोण तो माणूस?” समोर बसलेल्या सुंदराबाईंनी विचारलं.

“मी!”

“वाटलंच.”

सुंदराबाई गायकवाड शेजारच्या दारात राहायच्या. महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नानांच्या बायकोची, शेवंतीची, जिवाभावाची मैत्रीण. शेवंती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सुंदराबाई रोज सकाळी येऊन ‘गोळी घेतली का?’ असं विचारायच्या. त्यांचा तो आवाज ऐकून एके काळी अख्खा वॉर्ड अंथरुणात उठून बसायचा. नाना तर आधीच बसलेले असायचे.

प्रकरण असं होतं. नानांची सून जान्हवी कोल्ह्यांचा अभ्यास करत होती. मुंबईत कोल्हे म्हटलं की लोक हसतात, आणि मग राजकारणावर बोलायला लागतात. पण कॉलनीच्या मागे खाजण आहे. तिवरांचं दाट रान, भरतीचं पाणी आत शिरतं तो चिखल, आणि मधोमध जरा उंचावर गवताचा माळ. त्या माळावर खरोखरचे कोल्हे राहतात. तिन्हीसांजेला ते ओरडायला लागले की कॉलनीतले लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. मग कोल्हे आपला वाढवतात.

आता या माळावर भराव टाकून ट्रक उभे करायची जागा करावी, असा एक प्रस्ताव आला होता. प्रस्तावात लिहिलं होतं, तिथे नुसतं गवत आहे. जान्हवी म्हणत होती, तिथे कोल्हीण पिल्लं घेऊन राहते. वनखात्याचे साहेब म्हणाले, “पिल्लांचा फोटो दाखवा, मी प्रस्ताव परत पाठवतो. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

फोटो काढायला जान्हवी झाडाला कॅमेरा बांधायची. तो डबाच वेगळा. समोर अंगात ऊब असलेलं काही हललं, की स्वतःच फोटो काढतो. असे दोन कॅमेरे चोरीला गेले होते. तिसरा शेवटचा. तो गेला तर अभ्यास बंद, आणि अभ्यास बंद झाला तर जान्हवीला चंद्रपूरला वाघांच्या कामावर जावं लागणार होतं. मुलगा सुशांत बोटीवर, वर्षातून एकदा घरी यायचा. म्हणजे घरात उरणार नाना आणि फ्रिज. त्यातला फ्रिज निदान अधूनमधून आवाज तरी करायचा.

शेवंती गेल्यावर नाना खुर्चीत बसले ते बसलेच होते. लोक यायचे, धीर द्यायचे, चहा पिऊन जायचे. जान्हवीने धीर वगैरे दिला नाही. एक दिवस ती म्हणाली, “नाना, बॅटऱ्यांची पिशवी जड झालीय. उचलायला माणूस हवाय.” नाना उठले. तेव्हापासून रोज सकाळी सासरा-सून खाजणात. तेव्हा या पोरीचा कॅमेरा वाचवायचा हे नानांनी मनात पक्कं केलं होतं. कसा, ते सांगायला सुंदराबाईंना चहाला बसवलं होतं.

“उतारा!” नाना म्हणाले.

“कसला उतारा?”

“कॅमेऱ्याच्या झाडाखाली उतारा ठेवायचा. नारळ, टाचण्या टोचलेलं लिंबू, काळी बाहुली, बिब्बा, गुलाल टाकलेला दहीभात. चोराच्या बापाची छाती होणार नाही पुढे यायची!”

सुंदराबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नाना तेच होते.

“नाना, सरळ सांगते. तुम्ही खुळे झालात.”

“अहो, खरा नाही! खोटा उतारा. शो-पीस! नुसता दिसायला. कुणाची दृष्ट नाही काढलेली, काही नाही. बुजगावणं समजा ना.”

“आमच्यात हे चालत नाही. ना खरं, ना खोटं.”

“म्हणून तर तुम्हाला सांगितलं. तुम्ही चार जणींत बोलणार नाही.”

जान्हवी त्या दिवसांत अहवाल लिहिण्यात बुडाली होती. तिच्या मार्गदर्शक अपूर्वा मॅडम तिला सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या ऑफिसात बसवून ठेवायच्या. खाजणात जाऊन कॅमेऱ्याचं कार्ड बदलायचं काम नानांकडे आलं. नाना एवढंच म्हणाले, “तू कॅमेऱ्याची काळजी सोड. बंदोबस्त केलाय.”

“कसला बंदोबस्त, नाना?”

“टेक्निकल आहे.”

आणि बंदोबस्त झकास चालला! पहिलं कार्ड नानांनी घरी लॅपटॉपला लावलं. पहिल्या फोटोत एक माणूस हातात पकड घेऊन येतोय. दुसऱ्यात तो खाली वाकलाय. तिसऱ्यात त्याचे डोळे फणसाच्या आठळ्यांएवढे झालेत. चौथ्यात माणूस नाही, नुसती एक चप्पल!

नाना सुंदराबाईंच्या दारात जाऊन तो फोटो दाखवून आले. मग खालच्या वॉचमनला दाखवून आले. “माका शिकवतत!” असं मालवणीत कुणाला तरी उद्देशून म्हणालेही. कुणी काही शिकवलं नव्हतं.

दुसरं कार्ड लावलं, तेव्हा फोटोत एक बाई दिसली. तिने उताऱ्याला लांबून वळसा घातला. पुढच्या फोटोत तीच बाई परत आली होती, आणि आता तिच्या हातात नारळ होता! तो तिने नानांच्या नारळाशेजारी ठेवला आणि मागे न बघता निघून गेली.

उताऱ्याचं असं असतं, तो आपल्या दारापासून लांब नेऊन टाकायचा. कुठे टाकावा हा सगळ्यांनाच प्रश्न. मग जिथे आधीच एक पडलेला आहे, तिथे दुसरा टाकायला माणसाला काही वाटत नाही. कचऱ्याचंही तेच. देवनारचा डोंगर काय एका दिवसात उभा राहिला?

त्यानंतर रीघच लागली. रिक्षावाला नव्या रिक्षावरून ओवाळलेलं लिंबू टाकून गेला. एक सासू आली, तिने बाहुली ठेवली. थोड्या वेळाने एक सून आली, तिने मोठी बाहुली ठेवली. कुणी अंडी, कुणी कोहळा, कुणी दहीभाताची पत्रावळ. रोज संध्याकाळी जान्हवी फोनवर विचारायची, “नाना, पिल्लं आली का फोटोत?”

“येतील गो, येतील! वर्दळ खूप आहे.”

“कुणाची वर्दळ?”

“निसर्गाची!”

आणि मग त्या कोपऱ्यात कोंबडा आला. कुणीतरी जिवंत कोंबडा आणून, पायाला सुतळी बांधून, खुंटीला अडकवून गेला होता. आता कॅमेऱ्याला काय हवं? समोर ऊब असलेलं काही हललं पाहिजे. कोंबडा उबदार होता, आणि तो हलण्यापलीकडे काही करतच नव्हता! कार्ड उघडलं तर कोंबडा समोरून. कोंबडा बाजूने. कोंबडा चोच उघडून. कोंबडा कॅमेऱ्याच्या इतका जवळ, की नुसता एक डोळा आणि तोही रागावलेला. अख्खं कार्ड भरलं होतं. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाचेही एवढे फोटो नसतात!

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे बैठक होती. नानांनी कार्ड काढून पुन्हा लावून पाहिलं, तरी कोंबडाच. पण चेहरा लिफ्टमध्ये अडकलेल्यांना दाखवायचा तोच ठेवून ते सुंदराबाईंकडे गेले.

“सकाळी उजाडता उजाडता माझ्याबरोबर खाजणात याल का? जरा साफसफाई आहे.”

“तुम्हीच करा ना. तुम्हीच मांडलंय.”

“मी एकच मांडलं. बाकीचं...” नानांनी आवाज खाली आणला. “सुंदराबाई, माझा पहिला खोटा होता. बाकीचे सगळे खरे आहेत!”

“मग?”

“मग मी हात कसा लावू?”

सुंदराबाई आधी हसल्या नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि आत जाऊन हसल्या. ते बाहेर जिन्यापर्यंत ऐकू आलं.

सकाळी दोघं खाजणात पोचली. ओहोटी होती, चिखलात खेकडे पळत होते. झाडाखाली नारळांचा ढीग, त्यावर कोहळा, आणि कोहळ्यावर कोंबडा उभा. जागा आपल्या नावावर आहे अशा थाटात!

सुंदराबाईंनी पदर खोचला. कापडी पिशव्या काढल्या आणि भाजीबाजारात उभ्या असाव्यात तशा नारळ कानाशी हलवून बघायला लागल्या. “हा पाण्याचा आहे. हा सुका. याची चटणी होईल.”

“अहो, चटणी काय! टाकून द्या!”

“अन्न टाकायचं? आणि हे शिळं काय ते तुम्ही उचला. नुसते उभे राहू नका.”

नानांनी एका लांब काठीने दहीभाताच्या पत्रावळी आणि अंडी मागच्या गवतात ढकलली. काठीच्या दुसऱ्या टोकाला ते होते, तरी त्यांनी डोळे मिटले होते. मग त्यांच्या लक्षात आलं, एवढ्यांचं कायकाय उचललं जातंय, त्याला गाऱ्हाणं तरी घालायला हवं. त्यांनी हात जोडले.

“सुंदराबाई, मी गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक वेळी मी थांबलो की तुम्ही मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.”

“मी नाही म्हणणार.”

“अहो, समोरून कुणी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही!”

“मग पोचू नका देऊ.”

नाइलाज! नानांनी सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा! हय ज्या कोणी जा काय ठेवला असात, ता आमी उचलतो, त्येचो राग धरू नको रे म्हाराजा!”

खेकडेसुद्धा थांबले. आणि सुंदराबाईंच्या काखेतला कोंबडा घसा फाडून आरवला!

“पोचलं,” सुंदराबाई म्हणाल्या.

नाना मात्र डोळे मिटूनच उभे होते. देवाचं झालं होतं. आता ते हळूच दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. “शेवंती, हे दृष्टीबिष्टीचं तुझं खातं. मी तुझं बघून केलं, चुकलं असेल. आज पोरीचं तेवढं निभावून ने. ती गेली तर घरात बोलायला कुणी नाही गो.”

कॅमेरा आपला क्लिक क्लिक करत होता. त्याला ऊब दिसत होती.

बिल्डिंगच्या फाटकात रिक्षा उभीच होती आणि रिक्षात जान्हवी.

“नाना, आत्ताचं कार्ड द्या! उशीर झालाय.”

“मी आधी बघतो, मग...”

“तिथेच बघू. बसा तुम्ही पण. साहेबांना दाखवायचंय, माझा कॅमेरा कुणी राखला ते!” तिने कार्ड हातातून घेतलं. “मावशी, तुम्हीही चला. आणि पिशवीत काय हलतंय?”

“भाजी,” नाना म्हणाले.

भाजी आतून म्हणाली, “कुकूच!”

बैठकीच्या खोलीत साहेब, अपूर्वा मॅडम, आणि ट्रकवाल्या प्रस्तावाचे दोन गृहस्थ बसले होते. गृहस्थांनी चकचकीत फायली आणल्या होत्या. सुंदराबाई पिशवी पायाशी धरून मागच्या खुर्चीत बसल्या. जान्हवीने अभ्यास समजावून सांगितला, भरतीच्या वेळी कोल्हे माळावर का येतात, तो माळ गेला तर काय होईल. फार छान बोलली. नानांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते तिच्या हातातल्या कार्डाकडे बघत होते.

“आणि हे काल-आजचे फोटो,” जान्हवी म्हणाली आणि तिने कार्ड उघडलं.

भिंतभर कोंबडा.

पुढचा फोटो. कोंबडा. पुढचा. कोंबडा, रागावलेला.

“हा...” साहेब म्हणाले, “कोल्हा जरा वेगळा वाटतो.”

एक गृहस्थ खोकल्यासारखं हसले. जान्हवीचं बोट बटण दाबत राहिलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. कोंबडा, कोंबडा, कोंबडा! मग एकदम उजाडलं, आणि भिंतीवर सुंदराबाई अवतरल्या, कानाशी नारळ लावलेल्या. मग नाना, हातात काठी, डोळे मिटलेले.

“नाना?” जान्हवी म्हणाली. हळू आवाजात. तो हळू आवाज नानांना ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

“हे लोक कोण?” साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात अपूर्वा मॅडम उठल्या. बाईंची निम्मी नोकरी अशाच बैठकांत गेलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, “हा आमचा लोकसहभाग आहे, सर.”

“असं होय! आणि नारळ?”

“लोकसहभागात नारळ असतोच, सर.”

साहेबांनी मान हलवली. नानांना धीर आला. आणि नानांना धीर आला की वाट लागते! ते उभे राहिले. “साहेब, मी सांगतो! ही एक टेक्निकल पद्धत आहे. चोराच्या मानसशास्त्रावर...”

“नाना, खाली बसा,” सुंदराबाई मागून म्हणाल्या.

“नाही, साहेबांना कळू दे! माणूस कशाला भितो...”

“तुम्हीच भ्यालात! साहेब, यांनीच मांडलं आणि मलाच उचलायला नेलं. काठीनेसुद्धा लावायला घाबरत होते. बघा ना, डोळे मिटलेत!”

सगळ्यांनी बघितलं. भिंतीवर शेवटचा फोटो होता. पुढे सुंदराबाई, काखेत कोंबडा. बाजूला नाना, हात जोडून, मान खाली घालून. खोलीत हसू पसरत होतं, तेवढ्यात जान्हवी एकदम भिंतीजवळ गेली.

“थांबा! हे मागे काय आहे?”

नानांच्या अगदी पाठीमागे, गवतात, दहीभाताच्या पत्रावळीपाशी कोल्हीण उभी होती. तिच्या पोटाला लागून पिल्लं. एकाच्या नाकाला दही. कोल्हीण आणि सगळी पिल्लं मान वर करून, रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी, सुंदराबाईंच्या काखेतल्या कोंबड्याकडे बघत होती!

पहिला आवाज आला तो पिशवीतून. कोंबड्याने तो फोटो पाहिला की काय कोण जाणे, पण त्याने जिवाच्या आकांताने आरोळी ठोकली, पिशवी लवंडली, आणि तो गृहस्थांच्या चकचकीत फायलींवर जाऊन बसला. बसल्यावर त्याने त्यांवर जो काही अभिप्राय दिला, तो पुसला गेला नाही.

साहेब हसणं आवरून म्हणाले, “पिल्लं दिसली. मी म्हटलं होतं, प्रस्ताव परत जाईल. जाईल.” मग ते गंभीर झाले. “पण जान्हवीताई, जंगली जनावर माणसाच्या पाठीमागे दोन हातांवर येऊन जेवतंय, हे काही चांगलं नाही. उद्या कुणाला चावलं तर लोक कोल्ह्यांनाच मारतील. खाणं टाकणं आजपासून बंद. आणि तुमचा अभ्यास पुढे चालू राहू दे, मात्र त्यात नुसते कोल्हे नकोत. त्या जागी कोण माणसं येतात, काय करतात, तेही लिहा. वेळ लागला तरी चालेल.”

“म्हणजे मी इथेच?” जान्हवीने विचारलं.

“इथेच. यांच्यावर,” साहेबांनी नानांकडे बोट केलं, “लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे.”

परतीच्या रिक्षात जान्हवी बाहेर बघत बसली; शेजारी सुंदराबाई, मांडीवर कोंबडा. नानांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे खाकरून पाहिलं.

“जान्हवी, एक मान्य कर. माझ्यामुळे पिल्लं आली.”

“नाना, तुमच्यामुळे अख्ख्या कार्डावर नुसता कोंबडा होता!”

“हो, पण शेवटी...”

“आणि खोटं बोललात माझ्याशी. ‘निसर्गाची वर्दळ’ म्हणे!” तिचा चेहरा अजून रागावलेलाच होता. मग कोंबड्याकडे बघता बघता ओठ हलले, आणि ती इतकी हसली की रिक्षावाल्याने आरसा फिरवून बघितलं. नानाही हसले. कोंबड्यावर की आपल्यावर, ते त्यांनी तपासलं नाही.

नवं काम दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच सुरू झालं. नाना चहा घेऊन गेले तर जान्हवी लॅपटॉपवर टाइप करत होती. सुंदराबाई दारातच उभ्या होत्या. नानांनी चष्मा लावला आणि सुनेच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली. वर कोल्हिणीची माहिती होती: वय, वावर, स्वभाव. तिच्याखाली दुसरी नोंद.

‘प्रौढ नर. वावर सकाळी, पिशवीसह. आवाज मोठा. स्वभाव भित्रा, पण स्वतःला तसं समजत नाही. एकटा.’

नानांनी ती नोंद दोनदा वाचली. कप हातात तसाच.

“काय झालं, नाना? राग आला?”

“नाही गो. बाकी सगळं बरोबर आहे. तो शेवटचा शब्द तेवढा काढ.”

जान्हवीने त्यांच्याकडे बघितलं. मग ‘एकटा’ पुसून तिथे लिहिलं, ‘कळपात राहतो.’

“हां!” नानांची छाती पुन्हा भरून आली. “आता कसं शास्त्रीय वाटतंय! आणि इथे वर जरा ‘भित्रा’च्या जागी...”

“ते ‘भित्रा’ ठेव गं जान्हवी!” दारातून सुंदराबाई ओरडल्या. “ते मी डोळ्यांनी बघितलंय!”